रांगेतली पहिली दोन पोती

या वर्षी नवा तांदूळ आमच्या घरी उशिरा आला. एरवी मार्गशीर्ष लागला की वेल्ह्याकडून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरच्या सीटमागे एक पांढरी पिशवी बसून येते आणि भोर स्टँडवर मी ती उतरवून घेतो. पिशवीचं तोंड सुतळीने शिवलेलं असतं. घरी आणली की मी ती आधी काट्यावर ठेवतो. सुनंदा, माझी बायको, दर वर्षी तेच म्हणते, "कुणी प्रेमानं पाठवलेलं काय असं जोखून घ्यायचं असतं?" पाच किलो आणि वर थोडं, असं दर वर्षी भरतं. मग सुतळी उसवतो, आणि तो वास येतो.

नव्या आंबेमोहोराचा वास ज्याने घेतलाय त्याला तो सांगावा लागत नाही. लोकांना त्या वासाने आजोळ आठवतं, सणावाराचं जेवण आठवतं. मला लाज वाटते. हे लिहायला विचित्र दिसतं, पण जसं आहे तसं लिहितो. भात शिजायला लागला, घरभर वास पसरला की माझे कान गरम होतात. सुनंदाला हे माहीत आहे. ती पहिलं ताट माझ्यापुढे ठेवते आणि म्हणते, "खा. त्या भाताचा काय दोष?"

दोन हजार सालाच्या आगेमागे मी मार्गासनीच्या रस्त्यावर एका भात गिरणीत हिशेबनीस होतो. आमच्या गावाहून, कामथडीहून, सकाळी मोटारसायकलवर निघायचो. थंडी अशी असायची की मूठ सोडवताना बोटं दुखायची. दोन्ही बाजूंना कापलेली खाचरं, त्यात बुडख्यांच्या ओळी, मधेच पेंढ्याची उडवी आणि तिच्यावर ऊन खात बसलेला एखादा कुत्रा. गिरणी दिसायच्या आधी ऐकू यायची. पट्ट्याचा तो एकसुरी फटफट आवाज. जवळ गेलं की तुसाची धूळ. ती भुवयांत बसायची, चहात पडायची, सदऱ्याच्या कॉलरमधून पाठीत उतरायची. संध्याकाळी घरी गेल्यावर आई म्हणायची, आधी बाहेर झटकून ये, मग आत ये.

गिरणी भोरच्या रशीदभाईंची. उंच, हडकुळा माणूस. कानात कायम कापसाचा बोळा, म्हणून स्वतः ओरडून बोलायचे. हातात मूठभर भात घेऊन तळव्यावर चोळायचे आणि दाणा दाताखाली धरून सांगायचे, "अजून दोन उन्हं पाहिजेत याला. आज भरडलं तर निम्मी कणी होईल. ने परत." माणूस चिडला तरी पोती परत न्यायला लावायचे.

त्या गिरणीत नंबराची एक जुनी रीत होती. आलेल्या माणसाने आपलं पोतं दारासमोर रांगेत उभं करायचं आणि खुशाल चहाला, बाजाराला, नातेवाइकाकडे जायचं. माणूस नसला तरी पोतं उभं असे. पोत्याचा नंबर म्हणजे माणसाचा नंबर. पुढचं पोतं आत गेलं की कुणीतरी मागचं सगळं थोडं थोडं पुढे सरकवायचं. कुणाचं पोतं कुणाच्या मागे आहे ते अंगणात उभ्या असलेल्या प्रत्येकाला दिसायचं. भांडणं व्हायची. रात्रीत कुणी पोतं पुढे सरकवलं, कुणी एकाच्या नावावर पाच उभी केली. रशीदभाई कंटाळले होते.

मी तेव्हा भोरला संध्याकाळच्या क्लासला जाऊन व्हीबी शिकत होतो. कॉम्प्युटरवर खिडक्या, बटणं असलेले प्रोग्रॅम तयार करायची ती भाषा. तिच्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रेकॉर्डसेट. कॉम्प्युटरमध्ये साठवलेल्या नोंदींतून आपल्याला हव्या तेवढ्या नोंदी मागवायच्या. त्या एकामागे एक उभ्या राहतात. पण दिसते त्यातली एकच, जिच्यावर आपण उभे आहोत ती. पुढची बघायची तर ‘मूव्ह नेक्स्ट’ म्हणायचं, की आपण एक पाऊल पुढे सरकतो. शेवटची संपली की पुढे काही नाही, असं यंत्र आपणहून कळवतं. हिशेबाची सवय असलेल्या माणसाला हे फार स्वच्छ वाटायचं. इतका धीर धरणारी, धक्काबुक्की न करणारी रांग मी आयुष्यात पाहिली नव्हती.

तर मी रशीदभाईंना म्हणालो, नंबर कॉम्प्युटरवर लावू. त्यांनी पुण्याहून एक वापरलेला कॉम्प्युटर आणला. सकाळी नावं नोंदवून घ्यायची, नोंदणी बंद झाली की मी ‘पुढचा’ असं बटण दाबायचं, पडद्यावर नाव येईल, ते लाउडस्पीकरवर पुकारायचं. पोती अंगणात उभी करायची गरज नाही. नाव टाकून सगळी आतल्या खोलीत थप्पीला लावायची. अंगण मोकळं. रशीदभाईंना अंगण मोकळं होणार हेच जास्त आवडलं.

प्रोग्रॅम मी महिनाभर घरी, क्लासमध्ये, मिळेल तिथे तपासला. तपासायला खोटी नावं लागतात. मी पहिलं नाव नेहमी माझंच टाकायचो. खाली गावातली ओळखीची नावं. ‘पुढचा’ दाबलं की नावं ओळीने येत. माझं स्वतःचं नाव येतं की नाही इकडे मी कधी लक्ष दिलं नाही. मला कुठे भात भरडायचं होतं?

त्या बटणामागे मी दोन ओळी लिहिल्या होत्या. आधी एक पाऊल पुढे सरक, मग जिथे आहेस तिथलं नाव दाखव. रेकॉर्डसेट उघडतो तेव्हा आपण पहिल्या नोंदीवरच उभे असतो. मी पहिल्यांदा बटण दाबलं की कॉम्प्युटर पहिल्याला न विचारता दुसऱ्यावर जायचा. दोन ओळींची अदलाबदल. बाकी सगळं बरोबर होतं.

आणखी एक गोष्ट. रेकॉर्डसेट उघडताना तो फक्त पुढे जाणारा हवा की मागेही येणारा, हे सांगायचं असतं. फक्त पुढे जाणारा हलका असतो, झटपट चालतो. मी तोच घेतला. गिरणीत मागे जायचं काम काय? ‘मागचा’ असं बटणच मी ठेवलं नव्हतं.

ज्या दिवशी हे सुरू झालं त्या सकाळी रशीदभाईंनी कॉम्प्युटरला हार घातला होता. त्या वर्षी कापणीच्या वेळी पाऊस लागला होता, लोकांची भातं भिजून परत वाळवायला पडली होती, त्यामुळे गर्दी एकदम उसळली. मी माझी खोटी नावं पुसून टाकली आणि पहिलं खरं नाव लिहिलं. वेल्ह्याच्या पुढच्या एका वाडीच्या द्वारकाबाई. दुधाच्या टेम्पोतून, उजाडायच्या आत येऊन त्या बंद दारापाशी दोन पोत्यांवर बसून होत्या. हिरवं लुगडं, नवं होतं हे आता आठवतं. नोंदणी करताना मी म्हणालो, "मावशी, पहिला नंबर तुमचा."

"मंग झालं तर. दुपारपातुर घरी जाते की म्या," त्या म्हणाल्या.

त्यांची पोती आत गेली. त्या चिंचेखाली जाऊन बसल्या. बसायला पोतं नव्हतं, म्हणून दगडावर.

नोंदणी बंद झाली. मी ‘पुढचा’ दाबलं आणि आलेलं नाव पुकारलं. एक माणूस उठला. त्याने चिंचेकडे एकदा पाहिलं, थोडा घुटमळला. पण लाउडस्पीकरवर नाव आलं होतं. तो आत गेला. दुसरा गेला, तिसरा गेला. द्वारकाबाई खिडकीशी आल्या.

"भाऊ, माजं नाव न्हाई आलं व्हय?"

"येईल मावशी. ओळीनं येतात."

"न्हाई, पन म्या पयली व्हते."

मी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर तेव्हाच्या माणसाचं नाव होतं. एका वेळी एकच दिसायचं. मागचं दिसायची सोय नव्हती. मी म्हणालो, "मावशी, कॉम्प्युटर चुकत नाही. नाव आलं की हाक मारतो."

"घरी कार्य हाय भाऊ."

"मावशी, प्रत्येकाच्याच घरी काहीतरी असतं."

हे वाक्य मी चिडून म्हटलं नव्हतं. चांगल्या, समजावणीच्या आवाजात म्हटलं होतं. नंबर मोडायला येणारा प्रत्येक जण कार्य आहे, आजार आहे असंच सांगायचा, आणि मला वाटत होतं की मी न्यायाने वागतोय. चिडून म्हटलं असतं तर आज बरं वाटलं असतं. त्या परत चिंचेखाली गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. दुपारी मी डबा खाल्ला तेव्हा त्या समोर दिसत होत्या. पदराने मानेवरचं तूस पुसत होत्या आणि दर नावाला मान वर करत होत्या.

मी आकड्यांचा माणूस आहे. बाजारातून आणलेल्या सामानाची बेरीज मनात केल्याशिवाय मला दुकानातून पाय काढवत नाही. सकाळी किती नावं नोंदवली ते मला पाठ होतं. किती पुकारली तेही पाठ होतं. त्या दोन आकड्यांची वजाबाकी त्या दिवशी मी केली नाही. कॉम्प्युटर असताना मी कशाला करू?

ऊन कलताना पडद्यावर चौकट आली. ती मीच हौसेने केली होती. ‘आजचे सर्व नंबर पूर्ण झाले. धन्यवाद.’ मी ते वाक्य लाउडस्पीकरवरही वाचलं. मोटर थांबली, पट्टा थांबला. अचानक शांत झालं की आधी कानात घूं असा आवाज राहतो, तो राहिला. रशीदभाई आतल्या खोलीत गेले आणि तिथूनच ओरडले.

"अरे ए कॉम्प्युटर! ही दोन पोती काय तुझ्या बापाची?"

मी उठलो. खिडकीतून चिंच दिसत होती. द्वारकाबाई उभ्या राहिल्या होत्या. "आता माजंच ऱ्हायलं न्हवं?" त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. आपलीच पाळी आता येणार, असा होता.

तेवढ्यात वीज गेली. त्या काळी ती जायचीच. परतीची एसटी तर आधीच गेली होती. रशीदभाईंनी विचारलं तेव्हा कळलं की दुसऱ्या दिवशी द्वारकाबाईंच्या मुलीचं, सुरेखाचं लग्न होतं आणि त्या संध्याकाळी हळद होती. अक्षता आणि पहिल्या पंगतीचा भात आपल्याच खाचरातल्या नव्या तांदळाचा हवा, म्हणून भिजलेलं भात पुन्हा वाळवून त्या स्वतः घेऊन आल्या होत्या. रशीदभाई म्हणाले, "बाई, माझ्याकडचा तांदूळ घेऊन जा, हे भात राहू दे इथं." त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. "न्हाई दादा. पोरीच्या डोक्यावर आमचाच पडाया पायजे."

मागच्या पत्र्याच्या खोलीत जुनं डिझेल इंजिन पडून होतं. रशीदभाईंनी सदरा काढला आणि हँडल मारायला सुरुवात केली. ते धुराचा लोट सोडायचं, दोन ठोके द्यायचं, गप्प बसायचं. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, "तू बाजूला हो. तुझं बटण दाबून झालंय." शेवटी ते चालू झालं. दोन पोती भरडून झाली तेव्हा ऊन डोंगरावर चढलं होतं. तांदूळ गरम होता. द्वारकाबाईंनी पोत्यात हात घालून तो पाहिला आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या.

रशीदभाईंनी ओळखीचा एक टेम्पो बोलावला आणि त्यातून ते आणि मी द्वारकाबाईंबरोबर गेलो. वाटेत द्वारकाबाई एकदाच बोलल्या. "हळद जात्यावर म्याच दळलीया," म्हणाल्या, आणि पुढे बघत राहिल्या.

वाडीत पोचलो तेव्हा हळद होऊन गेली होती. मांडवात बायका पिवळे हात धूत होत्या, कुणी गाणं म्हणत नव्हतं. सुरेखा पाटावरून उठून बाहेर आली. कपाळापासून पायापर्यंत पिवळी. आईने लावायची ती हळद तिला चुलतीने लावली होती. मला वाटलं ती रडेल, विचारेल कुठे होतीस. ती म्हणाली, "आये, जेवलीस का काय?"

त्या चार शब्दांनी माझं जे झालं ते अजून तसंच आहे.

दुसऱ्या दिवशी लग्नाला मला आणि रशीदभाईंना थांबवून घेतलं होतं. आम्हाला फेटे बांधले आणि पहिल्या पंगतीत अगदी पहिल्या पानावर बसवलं. माझ्याने तिथे बसवेना. मी उठून उभा राहिलो आणि सुरेखाच्या मामांना, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की काल झालं ती चूक माझी आहे. प्रोग्रॅम मी लिहिला, पहिलं नाव माझ्यामुळे सुटलं. मग मामा मोठ्याने हसले.

"बघा लेको, किती मोठ्या मनाचा मानूस! यंत्राची चूक आपल्या अंगावर घेतोय! वाढा, वाढा सायबाला आनखी वाढा!"

आणि माझ्या पानावर आणखी भात पडला. रशीदभाई शेजारून हळूच म्हणाले, "बस खाली. जितकं बोलशील तितका वर चढशील." ते खरं होतं. त्या दिवसापासून त्या वाडीत मी गिरणी परत चालू करणारा साहेब झालो. इंजिन रशीदभाईंनी चालू केलं होतं, पण कॉम्प्युटरवाला मी. पुढच्या मार्गशीर्षात द्वारकाबाईंकडून पहिली पिशवी आली.

दोन ओळी मी त्याच आठवड्यात बदलल्या. आधी नाव दाखव, मग पुढे सरक. एक ओळ वरून खाली नेली, एवढंच. रेकॉर्डसेट मागे येणारा केला, ‘मागचा’ बटण ठेवलं. ते बटण दाबायची वेळ पुढे फारशी आली नाही. दोन हंगाम गेले, तुसाच्या धुळीने कॉम्प्युटर बंद पडला आणि पोती परत अंगणात आली. मी गिरणी सोडली, भोरला दुकानांचे हिशेब लिहू लागलो. पण प्रोग्रॅम लिहिणं संपलं तरी ती सवय राहिली. कुठेही रांग दिसली, रेशनची, दवाखान्यातली, की मी आधी पहिल्या माणसाकडे बघतो. त्याला कुणी हाक मारली का?

दर वर्षी पिशवी आली की मी सुरेखाकडे निरोप द्यायचो, चूक माझी होती म्हणून सांग आईला. ती म्हणायची, "दादा, तुमी अजून तेच धरून बसला व्हय?" मी नक्की काय धरून बसलोय हे मलाही नीट सांगता यायचं नाही. चूक केली याची लाज कधीतरी झिजली असती. न केलेल्या उपकाराचं बक्षीस दर वर्षी शिजवून खायचं, ही लाज झिजत नाही. ती दर मार्गशीर्षात नवी होऊन येते, नव्या तांदळासारखी.

या वर्षी मार्गशीर्ष अर्धा सरला तरी पिशवी आली नाही. मला बरं वाटायला हवं होतं. मी मात्र स्टँडवर जाऊन दोनदा विचारून आलो. मग सुरेखाचा मोबाईलवर फोन आला. ती माहेरी आली होती. "आई म्हनती, या खेपेला हितं येऊन न्या."

सुनंदा आणि मी गेलो. मार्गासनीला गिरणीचा पत्रा अजून आहे, चिंचही आहे. वाडीत द्वारकामावशी पडवीत सूप घेऊन बसल्या होत्या. फार वाळल्यात. डोळ्यांना कमी दिसतं, म्हणून खडे बोटांनी शोधत होत्या. मी शेजारी बसलो. इतक्या वर्षांत समोरासमोर त्यांना एकटं कधी गाठलंच नव्हतं. मी म्हणालो, "मावशी, त्या दिवशी यंत्र चुकलं नव्हतं. मी चुकलो होतो."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. बोटं थांबली नाहीत.

"सुरेखानं सांगितलं?"

"ती कशाला सांगल? मांडवात तू बोललास तवा म्या मागंच हुबी व्हते. माजा भाऊ येडा, त्यो हसला. म्या हसले का?"

मला आठवेना. त्या गर्दीत मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं.

"मग इतकी वर्षं तांदूळ कशाला पाठवलात?"

त्यांनी एक खडा शोधला, अंगणात टाकला. "तू इसरू नयेस म्हनून."

सुनंदा माझ्याकडे बघत होती.

"म्या दळलेली हळद," मावशी म्हणाल्या, "आन् माज्या पोरीला लावायची माजीच ऱ्हायली. ती काय परत येनार हाय? लोकं म्हनत्यात सायबानं गिरन चालू केली. म्हनू देत. लोकान्ला काय करायचंय. तुला ठावं, मला ठावं. बास झालं." मग सूप बाजूला ठेवून आत ओरडल्या, "सुरे, चा टाक गं! आन् ह्येला सांग, फुडल्या साली बी हितंच यायाचं. म्या काय आता एसटीनं धाडायची न्हाई."

चहा प्यायलो. पिशवी सुरेखाने माझ्या हातात दिली. तोंड तसंच सुतळीने शिवलेलं. परतीच्या वाटेवर ती मी मांडीवर घेऊन बसलो होतो आणि सुनंदा खिडकीतून खाचरं बघत होती.

घरी आल्यावर मी पिशवी काट्यावर ठेवली. या वेळी सुनंदानेच जवळ येऊन विचारलं, "किती भरली?"

"नेहमीएवढीच," मी म्हणालो, आणि सुतळी उसवायला बसलो.